उष्णता कुणाच्या नावे?

मराठी माणसाचं आणि उष्णतेचं नातं फार जुनं आहे. आपल्याकडे डोकं तापतं, वातावरण तापतं, प्रकरण तापतं, आणि तापल्या तव्यावर तिसराच कुणीतरी आपली पोळी भाजून घेतो. कार्टं वात्रट निघालं तर ते ‘डोक्याला ताप’ असतं. ज्यांनी थंड राहावं अशी आपली अपेक्षा, ते ऋषिमुनीसुद्धा हिमालयात बर्फावर बसून जे करायचे त्याला आपण ‘तप’च म्हणतो. आणि बारा वर्षं तप करून उठल्यावर त्यांचं पहिलं काम काय, तर समोर येईल त्याला शाप देणं! म्हणजे बारा वर्षं झाकण लावून तापवायचं आणि एका क्षणात उडवून द्यायचं. पुराणातल्या निम्म्या कथा या रेडिएटरचं झाकण घाईने उघडल्याच्या कथा आहेत, असं माझं नम्र मत आहे.

पुराणात रेडिएटर कुठून आला, असं तुम्ही विचाराल. तो आमच्या साडूंकडून आला.

साडू हे नातं परमेश्वराने तुलनेच्या सोयीसाठी निर्माण केलं आहे. एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीला गाडीवाला मिळाला, दुसरीला बँकवाला. माझ्याकडे बी. कॉम.ची पदवी, डहाणूच्या शाखेतलं एक काउंटर आणि त्या काउंटरवर दोरीने बांधून ठेवलेलं एक पेन आहे. साडूंकडे १९७३ सालची मोटारगाडी आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. खातेदाराचं नाव बाहेर फोडायचं नाही ही आमच्या धंद्याची शिस्त. सरकारने २०२१ साली नियम काढून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून नोंदवायची सोय केली. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ अशी खास अक्षरं येतात. गाडीने पन्नाशी ओलांडली की ती वारसा होते. बँकेतला क्लार्क पन्नाशीकडे झुकला की आमची ही विचारते, ‘अजून प्रमोशन घ्यायचं नाहीच का?’

या जुन्या गाड्यांवर माझा राग नाही. उलट, लोभच आहे. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातून अॅम्बॅसडर २०१४ पर्यंत निघत राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईकरांच्या तीन पिढ्या प्रसूतिगृहातून घरी आणल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी मी काउंटरवर नेहमीइतकंच काम केलं, पण जरा जड मनाने केलं.

या सगळ्या गाड्यांचा एक घरगुती गुण होता : त्या तापायच्या. घाटात कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभं असलेलं कुटुंब, हा मराठी मध्यमवर्गाचा खरा कौटुंबिक फोटो. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, त्यावर हा इलाज. आजारी पोराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवावी, तितक्या मायेने ते फडकं ठेवलं जायचं. नव्या गाडीला अशी माया लावायची सोयच नाही. तिचं बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं दुसरं झाकण!

पण गाडी तापते का? साडूंचं उत्तर ठरलेलं : ‘ऊन काय कमी आहे?’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, कारण उन्हाला जबाबदार धरलं की ऊन कधी उलट बोलत नाही. खरी गोष्ट अशी, की सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा ज्वाळेचं तापमान २००० अंशांच्या वर जातं. डहाणूचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे त्यापुढे चिल्लर. जुन्या इंजिनात १०० रुपयांचं पेट्रोल घातलं, तर ढोबळ मानाने २५ रुपयांचं काम चाकांपर्यंत पोचतं. तीसेक रुपये सायलेन्सरमधून धुरासोबत जातात, आणि जवळजवळ तेवढेच इंजिनाच्या अंगात उष्णता होऊन मुरतात. ही शेवटची रक्कम वेळच्या वेळी बाहेर नेली नाही, तर तेल जळतं, गॅस्केट उडतं, पिस्टन अडकतं आणि वारसा जागच्या जागी भंगार होतो.

इथे माझी बी. कॉम.ची पदवी उपयोगी पडते. लुका पाचोली नावाच्या इटालियन गृहस्थाने १४९४ साली व्हेनिसमध्ये एक पुस्तक छापलं आणि त्यात दुहेरी नोंदीची पद्धत लिहून ठेवली. तिचं सार असं : जमा आली की नावे आलंच. एका खात्यातून गेलेली रक्कम हवेत विरत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात दिसलीच पाहिजे. पुढे साडेतीनशे वर्षांनी, १८४० च्या दशकात, मायर आणि जूल या दोघांनी उष्णतेबद्दल नेमकं हेच सिद्ध केलं. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त खातं बदलते. म्हणजे वाणिज्य शाखेने विज्ञान शाखेला साडेतीन शतकांनी मागे टाकलं होतं. पण कॉलेजात आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, नाहीतर सायन्सच्या मुलांसमोर आम्ही जरा ताठ मानेने चाललो असतो.

तेव्हा ‘इंजिन थंड करणं’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. थंड करणं असं काही नसतं. उष्णता एकाकडून काढून दुसऱ्याला देणं, एवढंच असतं. इंजिन ती पाण्याला देतं, पाणी रेडिएटरला देतं, रेडिएटर वाऱ्याला देतो. वारा ती घेऊन पुढे जातो आणि कुणाची तक्रार येत नाही. पहिल्या मोटारीपासून हे असंच चालू आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेली. शंभरएक किलोमीटर. इंजिनातलं पाणी उकळून उडून जाई, आणि वाटेत मिळेल तिथून ते पुन्हा भरावं लागे. मोटारीतला पहिला लांबचा प्रवास असा माहेरच्या ओढीने झाला आणि गावोगावच्या पाण्यावर झाला. या दुसऱ्या गोष्टीकडे इतिहासकारांनी जरा दुर्लक्ष केलं आहे. ते पाणी कुणाचं होतं?

हा प्रश्न मला डहाणूत बसून सुचलेला नाही. तो मला धुंदलवाडीच्या अलीकडे, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेला, मे महिन्यात दुपारी साडेबारा वाजता सुचला.

आमच्या शाखेतल्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या मुलाचं तलासरीला लग्न होतं. साडू मुंबईहून चिकू खायला सहकुटुंब आलेले. म्हणाले, ‘एसटीने कशाला? गाडीने जाऊ.’ चारोटीला महामार्गाला लागलो, महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडले आणि पुढे निघालो. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला की साडूंना अस्वस्थ वाटतं. म्हणून त्यांनी त्या काट्यापुढे गणपतीची छोटी मूर्ती चिकटवलेली आहे. ‘विघ्नहर्ता आहे,’ ते म्हणतात. विघ्न दिसूच द्यायचं नाही, ही विघ्नहरणाची सर्वांत स्वस्त पद्धत. आमच्या ऑफिसातही पुष्कळ काट्यांपुढे पुष्कळ तसबिरी आहेत.

धुंदलवाडीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. साडूंनी गाडी कडेला घेतली आणि पुढच्या दोन मिनिटांत आम्हाला उष्णतेचं वहन पुस्तकाशिवाय शिकवलं. ते मेव्हणीवर, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीवर, ओरडले, कारण तिने काच वर करायला लावली होती. मग स्वतःच्या बायकोवर ओरडले, कारण तिने डबे फार घेतले होते. बायको मुलावर ओरडली. मुलाने चप्पल टायरवर आपटली. टायरला पुढे कुणी नव्हतं.

हे काही साडूंचं वैशिष्ट्य नव्हे. आमच्या बँकेत रोज असंच चालतं. वरून झोनल ऑफिसचा फोन येतो, साहेब तापतात. साहेब ऑफिसरला देतात, ऑफिसर काउंटरला देतो, आणि काउंटरवरचा माणूस ती उष्णता कुणाला देतो? रांगेत उभ्या असलेल्या, पासबुक पदरात गुंडाळून आणलेल्या, अंगठा उठवणाऱ्या बाईला. ‘मावशी, पुन्हा उद्या या.’ रक्कम छोटी दिसते. पण नोंद अचूक झालेली असते. ज्याच्याकडून उलट परत येणार नाही, त्याच्याच नावे ती पडते.

तर, वाफ येत होती. एवढ्यात एक वारली बाई शेताच्या बांधावरून येताना दिसली. डोक्यावर एकावर एक दोन हंडे, चाल अशी की थेंब सांडत नाही. साडू धावले. ‘बाई, जरा पाणी द्या, गाडीला हवंय,’ आणि खिशातून ५० ची नोट काढली. बाईने गाडीकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं, नोटेकडे पाहिलंच नाही. म्हणाली, ‘घरचं हाय.’ मग हनुवटीने रस्त्यापलीकडची दिशा दाखवली. ‘हातपंप हाय तिकडं.’ आणि चालायला लागली.

साडूंचा पारा पुन्हा चढला. ‘माणुसकी राहिली नाही!’ हे वाक्य ते ज्या बाईला उद्देशून म्हणाले, तिच्या तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरावं लागतं. जिल्ह्यातल्या सूर्या नदीवर धामणीचं धरण आहे, त्याचं पाणी नळांतून थेट वसई-विरारपर्यंत जातं; वाटेतल्या कित्येक पाड्यांना ते नळ फक्त दिसतात. त्या दोन हंड्यांत सकाळपासूनची मेहनत होती आणि संध्याकाळपर्यंतचा स्वयंपाक होता. आमची निकड खरी होती, नाही असं नाही. पण ती लग्नाच्या जेवणाला वेळेवर पोचण्याची निकड होती.

मी कॅन घेऊन हातपंपाकडे निघालो. अर्धा किलोमीटर जायला, रांगेत उभं राहायला, पंप मारायला आणि परत यायला मिळून पाऊण तास गेला. परत आलो तेव्हा इंजिन निवलं होतं. झाकणावर फडकं टाकून साडूंनी ते अर्धा आटा फिरवलं, थोडी वाफ सुस्कारली, मग पूर्ण उघडलं. इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी ओतलं आणि आम्ही रांगत रांगत तलासरी गाठली.

तिथला वयस्कर मिस्त्री सगळं ऐकून म्हणाला, ‘बाईने लगेच पाणी दिलं असतं, तर आज हेड गेलं असतं.’ मला आधी कळलं नाही. त्याने समजावलं. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. ती आतल्या पाण्यावर दाब ठेवते, म्हणून ते १०० अंशांना उकळत नाही. दर चौरस इंचाला ७ पौंडांचं झाकण असेल तर पाणी ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत दम धरतं. पण अशा वेळी झाकण एकदम उघडलं, की दाब जातो आणि दम धरलेलं सगळं पाणी एकाच क्षणी उकळून तोंडावर येतं. त्यातून वाचलात आणि तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलंत, तर लोखंडाला तडा जातो. गाडी उकळली की पहिलं औषध पाणी नव्हे. पहिलं औषध अर्धा-पाऊण तास. ते औषध त्या बाईने आम्हाला नकाराच्या पुडीत बांधून, फुकट दिलं होतं.

साडूंना हे पटायला तलासरीचा चहा लागला. त्या चहाच्या टपरीवरच पुढचा तपास झाला. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, ‘साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकतो. पुन्हा तापायची कटकट नाही.’ म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं. थर्मोस्टॅट काढला, चहावाल्याच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला, आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. थोड्या वेळाने त्याची झडप आपोआप उघडली. निर्दोष सुटला. गुन्हेगार होता सैल पडलेला फॅन बेल्ट, आणि त्याचा साथीदार होता वर्षानुवर्षं विहिरीचं जड पाणी पिऊन नळ्यांत क्षार साठलेला रेडिएटर.

थर्मोस्टॅट ही मोठी शहाणी वस्तू आहे. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली ती ताटी. आत मेणाची एक गोळी असते. संतांनी मेणाला उगाच भाव दिलेला नाही! गाडी सुरू केली की ताटी बंद असते, कारण थंड इंजिनही वाईटच. त्यात पेट्रोल धड जळत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचं तेल धुऊन नेतं आणि इंजिन आतून झिजतं. ८० अंशांच्या पुढे पाणी तापलं की मेण फुगतं, ताटी उघडते आणि उष्णतेला बाहेरची वाट मिळते. ‘काढून टाका कटकट’ म्हणणारा मिस्त्री आणि ‘रागच सोडून द्या’ म्हणणारा गुरू, हे मला तेव्हापासून एकाच गॅरेजचे वाटतात. गाडी तापणार नाही, हे खरं. पण ती कायम पडशाने धरलेली राहील.

सेनेका नावाच्या रोमन तत्त्वज्ञाने रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. राग थोडासुद्धा कामाचा नाही, मुळापासून काढा, असं त्याचं सांगणं. त्याच्या शिकवणीतून जो विद्यार्थी तयार झाला त्याचं नाव नीरो. पुढे नीरोनेच त्याला मरण्याचं फर्मान काढलं. त्याच्याआधीचा अॅरिस्टॉटल जास्त व्यवहारी. त्याचं म्हणणं असं, की राग यावा, पण योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य प्रमाणात. वेळ आणि प्रमाण थर्मोस्टॅट सांभाळतो. ‘योग्य माणूस’ मात्र थर्मोस्टॅटला कळत नाही. ती नोंद आपल्याच हाताने करायची असते, आणि बहुतेक खाडाखोड तिथेच होते.

ताटी म्हटल्यावर मुक्ताबाई आठवणारच. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या बहिणीने बाहेरून ती उघडायला लावली, ही आठवण आपण सातशे वर्षं जपली आहे. ज्ञानदेवांनी आपली उष्णता कुणाच्याही नावे टाकली नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण ती आत कोंडली. मुक्ताबाईने ‘तापूच नकोस’ म्हटलं नाही, ताटी उघड म्हटलं. ती मेणाची गोळी होती, असं मी म्हटलं तर वारकरी मंडळी मला क्षमा करतील, मिस्त्री मंडळी तर नक्कीच करतील. नाथांची गोष्टही तशीच. पैठणला एक माणूस त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला, आणि ते पुन्हा पुन्हा शांतपणे आंघोळीला गेले. आपण त्यांच्या शांतीचं कौतुक करतो. पण बाजूला अख्खी गोदावरी होती, हे विसरतो. शांत राहायला पाणी लागतं. आणि पाण्याचा थोरपणा तरी कशात? ते तापत नाही यात नव्हे. पुष्कळ उष्णता पोटात घेऊनही ते फार थोडं आणि फार उशिरा तापतं, यात.

आपल्याजवळ गोदावरी नाही, सोसायटीची टाकी आहे, तीही सकाळी सात ते आठ. तेव्हा माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो शांतीचा नव्हे, हिशेबाचा. माझी उष्णता मी कुणाच्या नावे टाकतो?

हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की डहाणूत तो जागोजागी भेटतो. १९९१ साली सरकारनेच हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, आणि त्याच दशकात इथे ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. वीज जाते मुंबईच्या उपनगरांत. तिथे कुणी खोली थंड करतो. एसी म्हणजे काय, तर खोलीतली उष्णता, वर विजेची उष्णता, मिळून खिडकीबाहेर शेजाऱ्याच्या नावे. आणि त्या विजेची उष्णता, राख आणि धूर चिकूच्या वाड्यांशेजारी, डहाणूच्या नावे. लोक कोर्टात गेले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातला गंधक शोषून घेणारी यंत्रणा त्या केंद्राला बसवावीच लागली, आणि ती २००७ साली बसली. काट्यापुढची मूर्ती बाजूला करून काटा वाचणारं कुणीतरी लागतं, आणि मग दहाएक वर्षं दमही लागतो.

आणि याच मातीत उष्णतेची दुसरीही एक नोंद आहे. तलासरीजवळच्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. जमीनदार, सावकार आणि जंगलचे ठेकेदार आपली प्रत्येक लहर, प्रत्येक संताप पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नावे टाकत आले होते. वेठबिगार होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभराची गुलामी होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्या सभेत ठरलं : यापुढे वेठ करायची नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं गेली, पण वेठ संपली. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या रागाला कोण म्हणेल काढून टाका? तो खाली, आपल्याहून दुबळ्यावर गेला नाही. बायकोवर, पोरांवर, बैलावर गेला नाही. तो बरोबर पत्त्यावर, वर गेला. १०० रुपयांतले जे २५ रुपये चाक फिरवतात, ते हेच.

मला वाटतं, त्या हंडेवाल्या बाईच्या ‘घरचं हाय’मध्ये याच हिशेबाची एक ओळ होती. तुमची गाडी तापली, त्याची नोंद माझ्या हंड्यात नको. एवढंच. ओरडली नाही, रागावली नाही, पंप मात्र दाखवला.

तेव्हा जुन्या गाडीच्या, आणि जुन्या होत चाललेल्या माणसाच्या, मालकांसाठी दोन शब्द. निघण्याआधी फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. अर्ध्या इंचाहून फार दबला तर ताणून घ्या. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल नि पाखरं काढा. विहिरीचं पाणी न भरता शुद्ध केलेलं पाणी नि कूलंट घाला, आणि दोनएक वर्षांनी बदला. रबरी पाइप दाबून पाहा. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तर तेही गाडी तापवतं, ते जुळवून घ्या. पहाटे निघा. थर्मोस्टॅट काढू नका. काट्यापुढे काही ठेवू नका, देव तर मुळीच नको; त्याला दुसरी कामं आहेत. आणि डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवा. आपली उष्णता आपल्याच पाण्यावर भागवायची, ही सगळ्यात साधी सभ्यता आहे.

माणसाच्या बाबतीत कॅन म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. वारा उष्णता घेऊन जातो आणि त्याला दुखत नाही. असा वारा प्रत्येकाने शोधून ठेवावा. साहेब तापले की मी हल्ली स्टेशनपर्यंत पायी जातो आणि येतो. कुणी भांडी घासतं, कुणी संपादकाला पत्र लिहून पोस्टात टाकत नाही. आमची ही लसूण ठेचते. घरातली भाजी झणझणीत झाली, की मी न विचारता समजतो की आज शाळेत हेडमास्तरांनी काहीतरी केलं आहे.

बँकेत एक नियम आहे. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. एक रुपया कमी असला तरी शोधायचा, एक रुपया जास्त असला तरी शोधायचा. मी त्यात आणखी एक खातं वाढवलं आहे. रोकड जुळली की घटकाभर बसून आठवतो : आज मला किती उष्णता मिळाली, त्यातली किती चाकाला लागली, किती वाऱ्यावर गेली, आणि किती त्या पदरात पासबुक गुंडाळून आणणाऱ्या मावशींच्या नावे पडली. हा ताळा रोज जुळतो असं म्हणणार नाही. पण परवा मावशी आल्या तेव्हा सर्व्हर बंद होता, साहेब तापलेले होते, रांग दारापर्यंत होती. मी म्हटलं, ‘मावशी, बसा पंख्याखाली. वेळ लागेल, पण आजच करून देतो.’

त्या म्हणाल्या, ‘बसते. मला काय, लायनीत गाडी थोडीच तापतीया?’